लाखेचा ठिपका

पहिलं आलं ते पांढरं होतं,
कुमुदआत्यानं लेस्टरहून स्वेटरात गुंडाळून आणलेलं.
एक के.
एक के म्हणजे किती रे, आईनं विचारलं.
दादा म्हणाला, तुझ्या किराणाच्या यादीएवढं.
बटण दाबलं की टीव्ही डोळे मिटायचा,
जरा वेळानं उघडायचा,
बँकेतल्या मगदूम कॅशियरसारखा.

पुढच्या खेपेला काळं.
त्याच्या पाठीत एक डबी खोचायची, सोळा के,
आणि ती डबी हलायची.
कोल्हापूरची पॅसेंजर मिरज सोडताना,
आई जिना उतरताना,
कुणी नुसतं टेबलाला टेकलं तरी
दादाचं तीन तासांचं टंकलेलं सगळं पुसलं.
त्यानं रबरबँड लावून पाहिले.
कणीक लावली, ती उंदरानं नेली.
शेवटी मी खाली बाबालालभाईंच्या दुकानात गेले,
सतारीच्या गळ्याला लावतात ती लाख
चिमूटभर मागून आणली.
डबी बसली.
इतकी बसली की पुढं कधी निघालीच नाही.

मग रबरी बटणांचं, अठ्ठेचाळीस के.
दादा त्यावर बोटं ठेवून
पहिली संध्याकाळ नुसताच बसला.
त्याला रंग होते.
आमचा टीव्ही काळापांढरा,
म्हणून दादा पुस्तकात बघून सांगायचा,
हा निळा पट्टा, आता हा पिवळा,
आणि मला दिसायचे.

खेळ कॅसेटवर यायचे.
आधी एक लांब शिट्टी,
मग कढई घासल्यासारखं काहीतरी,
चार मिनिटं आम्ही श्वास धरून,
आणि शेवटी अक्षरं: टेप लोडिंग एरर.
एक्याऐंशी वेळा. भूगोलाच्या वहीत मागं
रेघा ओढून मोजलंय मी.

ब्याऐंशीव्या वेळी बाबालालभाई वर आले.
हातात कानस तशीच.
तीन दिवस झाले, म्हणाले, एका तंबोऱ्याची जवारी लागेना
तुमच्या या कोल्हेकुईपायी.
आणि दारातच थांबले. मान तिरकी.
परत लाव.
दादानं परत लावली.
बंद आहे, म्हणाले. वरचं काही येतच नाही हिच्यातून.

टेपच्या डोक्याशी एक बारका स्क्रू असतो,
आम्हाला ठाऊकच नव्हता.
दादाच्या पेचकसानं, डोळे मिटून,
पाव आट्याच्या पावानं ते फिरवत राहिले.
शिट्टी जाड झाली, घोगरी झाली,
मग एकदम उघडली,
नळाखालून हात काढावा तशी.
हां, म्हणाले.
खाली जाऊन मेणबत्ती घेऊन आले
आणि स्क्रूवर लाल लाखेचा एक ठिपका टाकला.
आता याला कुणी हात लावायचा नाही.

त्या रात्री खेळ आला.
एक चौकोनी माणूस शिडी चढला आणि पडला.
एवढ्यासाठी, बाबालालभाईंनी विचारलं,
आणि बशीतला चहा संपवला.

नंतर आत्यानं कडक बटणांचं आणलं.
मग करडं, टेप पोटातच असलेलं.
बाबालालभाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं,
कान लावायला जागा कुठं ठेवलीय, म्हणाले.
मग चकतीचं.
खेळ झटक्यात यायचा, जवळजवळ मुक्यानं.
दादा अधूनमधून उगाच म्हणायचा, जरा थांब,
पण थांबायला काही नसायचं.
त्यापुढं आत्याचं पत्र आलं
की त्या घराण्यातलं आता नवं निघणार नाही,
आणि माझे गुडघेही.

यंत्रं कुठं कुठं गेली. टेप माझ्याकडं आहे.
त्यावर आईची स्तोत्रं लावली
तर उशीत तोंड खुपसून म्हटल्यासारखी येतात.
तो स्क्रू स्तोत्रांसाठी नाहीच बसवलेला.
परवा बाबालालभाईंचा नातू अशपाक आला होता,
ऐकून म्हणाला, सोडवून देऊ का,
लाख आहे नुसती, नखानं निघेल.

मी म्हटलं, चहा घे आधी.