येणे बाकी

पहिल्या महिन्यात मला मिळालं
धनकवडी ते आंबेगाव पठार, बीट नंबर सात.
चौतीस दुकानं, एक स्कूटी
आणि गव्हाणे सरांचं एकच वाक्य:
"माल विकू नकोस, जागा मिळव.
डोळ्यांच्या उंचीला. गल्ल्याच्या डाव्या हाताला."

मी फूड टेक्नॉलॉजीवाली.
बिस्किट किती तापमानाला फुलतं, कशानं सादळतं, सगळं पाठ.
दुकानदारांना ते नको होतं.
त्यांना हवा होता बारावर एक फुकट,
उधारी एकवीस दिवसांची,
आणि उंदरानं कुरतडलेल्या पुड्यांचं काय, ते सांगा.

मुथाशेठ तर मान वर करायचे नाहीत.
साबुदाणा जोखता जोखता म्हणायचे, "ताई, पुढच्या गुरुवारी."
असे नऊ गुरुवार.
दहाव्याला मी काही बोललेच नाही,
फडकं घेतलं नि गल्ल्यावरची बरणी पुसली.
आमची नव्हे, दुसऱ्या कंपनीची.
तेव्हा हसले. दोन पेट्या.
माझ्या वहीत ती तारीख अजून तिरकी आहे,
स्कूटीच्या सीटवर लिहिलेली.

तुम्हाला वाटतं महिना एक तारखेला सुरू होतो.
आमचा फक्त संपतो.
मार्केटयार्डातलं गोदाम, रात्रीचे अकरा,
"पिंगळेकाका, अजून चाळीस पेट्या घ्या ना,
एक तारखेला परत उचलते."
हे म्हणताना माझा आवाज आईसारखा यायचा,
आजाऱ्याला औषध पाजतानाचा.
त्यांनी घेतल्या.
मी उचलल्या नाहीत.

टक्के भरले, एकशे दोन.
टाळ्या. नाव चुकवून छापलेलं प्रमाणपत्र.
मग नगर, मग सोलापूर, मग लातूरला दोन उन्हाळे
(लातूर, मे महिना, आणि विकायचं काय तर चॉकलेट;
वर बसून कुणीतरी ठरवतं हे).
एक स्थळ आलं होतं,
"फिरतीची नोकरी? मुलीला?" म्हणत उठलं,
चहाबरोबर आमचीच बिस्किटं संपवून.

आता बाणेरला, अकराव्या मजल्यावर.
समोरच्या भिंतीवर महाराष्ट्र, लाल-हिरव्या चौकटींत.
धनकवडी त्यात ठिपकाएवढीही नाही.

परवा नवा पोरगा घेऊन बाजारात निघाले.
सिद्धांत खळदकर. हातात टॅब,
शर्टाच्या घड्या अजून दुकानातल्याच.
म्हटलं, चल, सातवर जाऊ.

चौतिसातली एकोणीस उरलीत.
दोन ठिकाणी मोबाइलची कव्हरं, एका ठिकाणी दातांचा डॉक्टर.
मुथाशेठ आहेत.
या वेळी त्यांनी मान वर केली,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि गल्ल्याखालून लाल कापडी वही काढली.
पान शोधावं लागलं नाही त्यांना.

"उंदराचा माल. पुडे सत्तावीस, रुपये दोनशे सोळा.
ताई म्हणाली, पुढच्या गुरुवारी."
खाली माझी सही.
तेव्हा मी पूर्ण नाव लिहायचे.

मी पर्समधून पाचशेची नोट काढली.
त्यांनी ती एका बोटानं परत सरकवली.
"तुझ्याकडे कुठंय येणं? कंपनीकडे आहे."

खळदकर टॅबमध्ये खाली-वर करत राहिला.
"मॅडम, तारीख इतकी मागे जातच नाहीये."

मी रॅककडे पाहिलं.
डोळ्यांच्या उंचीला भलताच माल.
आमचा खाली, गुडघ्यापाशी,
बघायला वाकावं लागलं.

"राहू दे," शेठ म्हणाले, वही मिटून,
"हिशेब मिटला तर तू कशाला येशील?"
आणि साबुदाण्याकडे वळले.

खळदकरनं घसा खाकरून ऑर्डर विचारली.
"पुढच्या गुरुवारी."
त्यानं टॅबवर बोट ठेवलं: नकार.
मी ते खोडायला लावलं.