सावलीतलं तापमान

पाडव्याला अजून नऊ दिवस आहेत
आणि मी वहीत एक्केचाळीस पूर्णांक आठ लिहिलं.
आधी पेन्सिलीने, मग पेनाने.
खाडाखोड चालत नाही आमच्याकडे.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत
झडपांची पांढरी पेटी आहे, चार पायांवर.
दार उत्तरेला, म्हणजे ऊन आत डोकावू नये.
आत चार तापमाप्या,
त्यातल्या एकीच्या टोकाला मलमलीची ओली चिंधी.
चिंधी आईने दिलेली, अप्पांच्या जुन्या धोतराची.
सरकारी मलमल मार्चच्या आधीच संपते.

कमाल तापमापीची एक खोड आहे:
पारा चढतो आणि तिथेच अडकतो.
रोज संध्याकाळी हातात धरून झटकावी लागते,
नाहीतर उद्याही ती कालचंच सांगत बसते.
आमच्या घरच्या पत्र्याला तसं झटकता येत नाही.

साडेपाचला आकडे पुण्याला जातात.
तिकडून मजकूर येतो, तो मी फळ्यावर उतरवतो:
सोलापूर जिल्ह्यात हवामान कोरडे राहील.
तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट येण्याची शक्यता.
दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडणे टाळावे.

तुरळक ठिकाण म्हणजे आमचं घर.
तिथे आई, यल्लूबाई गड्डम,
मांडीवर सूप घेऊन बाराच्या आधीपासून आतच.
हजाराला अजून दोनशे विड्या कमी.
तेंदूची पानं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली,
तरी उघडलं की कडा मुरडतात.
एक पान ती कानाजवळ नेते आणि हलकेच वाकवते.
वाजलं, तर उद्या छाट वाढणार,
मुकादम मूठभर बाजूला काढणार.
तिचा अंदाज अजून चुकलेला नाही.
माझा चुकतो.

फळ्यावरचं मी तिला तेलुगूत सांगत होतो,
लाटेपाशी अडलो.
आमच्याकडे नुसतं एंडा म्हणतात. ऊन. संपलं.
लाटेला पाणी लागतं, आणि नळ येतो पाचव्या दिवशी.
समुद्र तिने पाहिलेला नाही.
सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायरीवर
पाण्याची सुरकुती येऊन घोट्याला लागते,
तिला ठाऊक असलेली लाट तेवढीच.
"आली म्हणजे परत जाते ना?" तिने विचारलं.
मी म्हणालो, चार दिवसांनी कळवतील.

एक बाद झालेली तापमापी मी घरी आणली होती.
कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगली.
सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीनला, सेहेचाळीस.
हा आकडा कुठे लिहायचा?
नियमात बसत नाही तो.
तापमान सावलीतलं हवं, हवा खेळती हवी,
खाली गवत हवं,
आणि सगळं जमिनीपासून सव्वा मीटर वर.
आई तर जमिनीवरच बसते.
"सावलीतच आहे की मी," ती म्हणाली
आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

रात्री किमान सत्तावीस.
या शब्दाची पूर्वी मला गंमत वाटायची.
किमान वारा. किमान झोप. किमान वेतन.
शेजारचा श्रीहरी चिंता दुसऱ्या पाळीहून आला,
केसांत टॉवेलचा कापूस,
ओली चादर पांघरून गच्चीवर आडवा झाला.
"उद्या किती?"
"बेचाळीस."
"अर्धा तरी कमी कर रे."
मी हसलो. मग बराच वेळ जागा होतो.

सकाळी सव्वाआठला पेटी उघडली.
चिंधी वाळून कडक झालेली.
कुपीत पाणी घातलं.
ओल वर चढायला वेळ लागतो,
तोवर ओली तापमापी कोरडीइतकंच दाखवते,
म्हणजे खोटं.
पेन्सिल कानावर ठेवून मी उभा राहिलो.
घरी या वेळेला आई गोणपाट भिजवत असते.