दार उघडेपर्यंत

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही सहा जण चौदा महिने
एक खेळ एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरत होतो.
‘खंदक नऊ’. बंदुका, बोगदे, राखाडी धूर.
टीव्हीखालच्या काळ्या खोक्यासाठी लिहिलेला तो
आता घरोघरच्या कॉम्प्युटरवर चालायला हवा होता,
साहेबांच्या मेहुण्याच्या पीसीवरसुद्धा,
ज्याच्या पंख्यात एकदा पाल सापडली होती.

अंगठ्यांना येत होतं ते सगळं
बोटांना शिकवायचं होतं.
दांडी कलंडते हळू, नेमही सरकतो हळू;
माउस म्हणजे माशी,
मनगट हललं की समोरचा मेला.
दिवाळीपर्यंत आम्ही शत्रू चपळ केले,
होळीपर्यंत पुन्हा जरा सुस्त.
जुन्या कोडात जपानी टिपा होत्या.
तेजलनं एकीचा अर्थ लावून आणला:
‘हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.’
आम्ही लावला.

तिसऱ्या बोगद्याच्या दारापाशी
जुना खोका धापा टाकायचा.
दार अर्धं उघडून थांबायचं
चार सेकंद,
पुढचा अंधार तबकडीवरून गोळा होईतो.
मी ते चार सेकंद काढून टाकले.
त्या रात्री सगळ्यांना शेवउसळ माझ्याकडून,
रस्सा दोनदा.

मग खेळ बाहेर पडला, आणि माणसं बोलू लागली.
एक म्हणाला, साठ फ्रेम म्हणजे स्वर्ग.
एक म्हणाला, तीसच बऱ्या होत्या,
तेव्हा धूर धुरासारखा दिसायचा.
एकाची रीलोडची कळ करंगळीखाली येत होती
आणि त्याची करंगळी कारखान्यात गेलेली.
(ते आम्ही दोन दिवसांत बदललं.)
नागपूरहून कुणी लिहिलं:
माझं बालपण इस्त्री करून परत दिलंत, आभारी नाही.
आणि एक मुलगा, नाव न सांगता:
शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघायचो हा खेळ.
काल पहिल्यांदा मी स्वतः मेलो.
थँक्यू.

जूनमध्ये एक गृहस्थ जिना चढून आले.
प्रबोध टिपणीस, वाघोडिया रोडवरच्या लॅबमध्ये रक्त तपासतात.
हेल्मेट मांडीवर घेऊन बसले.
‘दार लवकर उघडतं,’ म्हणाले.
मी म्हटलं, हो, धन्यवाद.
‘नाही, तक्रार आहे.’

कंट्रोलर एकच होता, भाऊ दोन.
पाळी त्या दारापाशी बदलायची.
‘दार अर्ध्यावर आलं की मुकुल माझ्या हातातून ओढून घ्यायचा,
चिवड्याच्या तेलकट बोटांनी.
आता दार उघडतं
आणि पलीकडेही मीच असतो.’

मुकुल कुठे असतो, मी विचारलं नाही.
त्यांनी पाणी पिऊन ग्लास पालथा ठेवला.

कोल्हापूरचा मामेभाऊ आला की
शेवउसळीकडे बघून म्हणतो, ही मिसळ नव्हे.
नव्हेच, मी म्हणते, ही बडोद्याची आहे, खा.
टिपणीसांना असं काही म्हणता येईना.

चार सेकंद परत घालणं सोपं नव्हतं.
आता गोळा करायला काही उरलेलं नाही;
नव्या यंत्राला नुसतं थांब म्हणावं लागतं
आणि नुसतं थांबणं त्याला जमत नाही,
पंखा उगाच घरघरत राहतो.
तीन आठवडे गेले. साहेब म्हणाले, पगार कोण देतंय याचा?
सेटिंगच्या अगदी तळाशी एक ओळ आली:
दार: लवकर, किंवा पूर्वीसारखं.
‘कोण लावणार आहे?’ तेजल म्हणाली,
आणि तिनंच लावून पाहिलं,
आणि थांबलेल्या दारासमोर
पर्समधून बडीशेप काढून मला दिली.

कोडात त्या जागी मी टीप लिहिली, मराठीत.
पुढे जो कुणी हे उघडेल
त्याला वाचता येईल, न येईल.
‘हे का थांबतं माहीत आहे. हात लावू नये.’
मग शेवटचं वाक्य खोडलं.
लिहिलं: लावलात, तर परत ठेवा.