सुटल्याची खबर

वडनालबाईंनी पिशवीतून कीबोर्ड काढला.
आधी सांडली तंबाखूची चुरी, मग एक गंजकी टाचणी,
मग तो, लोखंडी पाठीचा,
एकशे बावीस कळांचा.
"मिलच्या पगार खात्यातला. लिलावात टर्मिनल गेलं,
हा टेबलाखाली राहिला, कुणाच्या यादीत नव्हता.
चालतंय का बघ की."

अशोक चौकामागं माझं दुकान, तिन्ही भिंतींना लूमचा खडखडाट,
एप्रिल, पत्र्याखाली फ्लक्सचा वास.
त्याच्या वायरीला पाच पिनांचं गोल तोंड,
आजच्या कुठल्याच भोकात न जाणारं.
कापायला पकड उचलली, पण बाई बघत होत्या.
मग मध्ये एक चिमुकला बोर्ड बसवला, दुभाष्या,
आमच्या गल्लीत घरटी एक असतो तसा :
चुलीपाशी तेलुगू, दारात मराठी,
उधारी मागायला आलेल्याशी कानडी.

पहिली कळ दाबली, सात.
पडद्यावर ७७७७७७७७७७७
थांबेचना.
वायर तपासली, टाके तपासले, स्वतःला शिव्या दिल्या.
रात्री दीडला लक्षात आलं :
हा गडी 'दाबली' तेवढं सांगतो,
'सोडली' हे सांगायची त्याला सवयच नाही.
त्याच्या काळी ते कुणी विचारतही नसेल.
नवा संगणक मात्र खोळंबून बसतो
सुटल्याच्या खबरीसाठी.

बाबा जकार्डचे पत्ते ठोकायचे. भोक, भोक, कोरं, भोक.
म्हणायचे, ठोकलं नाही तिथंसुद्धा मोरच असतो.
मला तेव्हा ते नुसतं कंटाळवाणं वाटायचं.

शेवटी एक हुकूम सापडला, कळ-कळ वेगळी धरून द्यायचा :
सुटलीस की कळव.
एकशे बावीस वेळा सांगितलं.
पहाटे सात आलं, एकच,
आणि गप्प बसलं.

दुसऱ्या दिवशी बाई स्टूल ओढून बसल्या.
"पत्रकात नावाला बारा घरं, बघ. इंग्रजी, मोठी अक्षरं.
मादगुंडी लक्ष्मीनरसय्या, रिंग खातं,
तेराव्या अक्षराला मेला.
पत्रकावर उरला 'मादगुंडी लॅक्स'.
सगळं खातं त्याला लॅक्सच म्हणायचं,
तोही ओ द्यायचा.
पगार पूर्ण, नाव अर्धं.
शेवटी शेवटी पगारपण."

डाव्या हाताला दहा कळा, ज्यांना आज कुणी वारस नाही.
त्यातली एक गुळगुळीत, 'सेंड', अक्षरं झिजून गेलेली.
"हिच्यावर काय ठेवू? मेल जाईल थेट."
"कुणाला?"
मग जरा थांबून :
"य्या ठेव."
"काय?"
"य्या. नरसय्या, राजय्या, मल्लय्या.
सगळ्यांचा तोच तुटायचा."

ठेवला. एका दाबात य्या.
बाई चष्मा न लावता टाइप करत राहिल्या,
टिकीट नंबरासकट, बोटांना पाठ होते.
रिंग खातं संपलं, वाइंडिंग सुरू झालं.
शेजारचा लूमवाला डोकावून गेला :
"काय बे, नवीन माग आणलास?"

दोनला लाईट गेली. बाई उठल्या.
"किती झाले?"
मी कमीच सांगितले. त्यांनी मोजून पूर्ण दिले,
म्हणाल्या, पावती दे, आणि नाव पूर्ण लिही.
वडनाल शकुंतला अंबादास.
पावतीबुकात नावाला एकच ओळ, तीही आखूड.
मी रकमेच्या ओळीत शिरलो.