एकोणचाळीस पिना

गाडी नव्व्याण्णवची, एस्टीम.
आतलं छत उतरलेलं,
लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मांडवासारखं,
मध्ये पोट, कडेला सुरकुत्या
आणि जागोजागी साडीच्या पिना.
मी मोजल्या. एकोणचाळीस.

"कुणी लावल्या?"
"मिसेसनी," तुस्कानो म्हणाले,
आणि डिकीकडे बघत राहिले,
जणू चूक डिकीची.

उंच माणूस. ड्रायव्हरच्या डोक्यावर
कापडाला तेलाचा गोल, पोळीएवढा.
शेजारच्या सीटवर दुसराच डाग :
पाच बोटं आणि तळवा,
वर्षानुवर्षं एकाच जागी टेकलेला हात.
"धरून बसायची ती. मला समोरचं दिसावं म्हणून.
वसईपासून माहीमपर्यंत.
घोडबंदरला हात बदलायची.
आता खांदा धरलाय तिचा."

मग इतकी वर्षं का नाही आलात,
असं गिऱ्हाइकाला विचारत नाहीत.
मी पावती फाडली.

कुर्ल्याचं ऊन, दुपारचे अडीच.
इरफानने दिवा काढला, सनशेड, हँडलं,
कडेचं रबर सापासारखं ओढून घेतलं,
आणि पाठा तिरका करून मागच्या दारातून बाहेर आणला,
जिन्यातून कपाट उतरवावं तसा,
शिव्या देत.
कापड एका ओढीत निघालं.
मागचा फोम कधीच मेला होता,
तारेच्या ब्रशखाली त्याची पिवळी भुकटी उडत राहिली
माझ्या भुवयांवर, चहाच्या ग्लासात.

लोक म्हणतात, कापड सुटलं.
कापड धड असतं. पाठाही धड असतो.
दोघांच्या मधलं जे मऊ असतं
त्याचं उन्हाने, दमट हवेने पीठ होतं.
हे मी रोज सांगते, बिल करताना.

रंग विचारायला फोन केला.
"होता तसाच, फिकट राखाडी," ते म्हणाले.
मागून आवाज आला : "वांगी!"
थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
"वांगी," ते म्हणाले.

सोल्यूशन फवारून थांबायचं.
बोट लावून बघायचं : धरलं पाहिजे,
पण बोटावर येता कामा नये.
माझ्या सासऱ्यांनी मला या धंद्यातलं
एवढंच शिकवलं, बाकीचं कापडाने.
मग स्वेड मध्यावर टेकवायचं
आणि तळव्याने कडेकडे जायचं,
तापलेल्या पोराची पाठ चोळावी तसं.
लव सगळी एका दिशेला, काचेकडे.
घाई केली की फुगा राहतो,
आणि तो फुगा गिऱ्हाइकाला
बरोब्बर पहिल्या सिग्नलला दिसतो.

मी स्वतः पोटमाळ्यावर झोपते.
पडल्या पडल्या छताला हात लागतो,
पोपडे अंथरुणावर पडतात.
तिथे स्वेड लावावं असं कधी सुचलं नाही.

शनिवारी दोघं आली.
त्या ठेंगण्या, दारातूनच वर बघणाऱ्या.
पिना मी श्रीखंडाच्या डब्यात घालून परत दिल्या,
त्यांनी काउंटरवर ओतून मोजल्या.
"अडतीस," म्हणाल्या,
आणि माझ्याकडे बघितलं.

मग गाडीत बसल्या. इंजिन सुरू झालं,
तसा हात वर गेला. उजवाच.
खांद्याने अर्ध्यावर अडवला,
डाव्याने कोपराखाली टेकू दिला, तेव्हा पोचला.
छत जागेवर होतं.
त्यांनी दाबून बघितलं, पुन्हा दाबलं.
"आता सोड की गं," तुस्कानो म्हणाले.
गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत
मला काचेतून कोपर दिसत होतं.

लवेत पाच बोटं उमटली असणार.
उलटी लव सरळ करायला
प्रत्येक गाडीसोबत मी एक ब्रश देते, फुकट.
त्यांचा काउंटरवरच राहिला.

एकोणचाळिसावी सोमवारी सापडली,
इरफानच्या चपलेच्या तळव्यात.
त्याने ती धुतली
आणि माझ्या मेजरटेपला लावून ठेवली.