दुसरी सही

कोपरखैरण्यात, नाक्यापासून आत,
पिठाच्या गिरणीवर एक बालवाडी आहे.
रविवारी मुलं नसतात, तेव्हा आम्ही असतो.
खुर्च्या वीतभर उंच.
बसलं की गुडघे हनुवटीला टेकतात,
आणि अशा बसण्यात
कुणालाच रुबाब करता येत नाही.

सहा जणी आम्ही, ब्रदर साळव्यांना धरून.
याला मीटिंग म्हणत नाही. ओव्हर म्हणतो.
पाळी संपताना देतो तसा:
बेड तीन, रात्र बरी गेली, उलटी नाही.
बेड चार, नातेवाईक भांडून गेले.
फक्त इथं बेडवर आपण.

साळवे सांगतात, दिवस एकशे बारावा.
काल कळव्याला दुकानासमोर
पाऊण तास बुटाची नाडी बांधत बसलो.
पायात चप्पल होती.
आम्ही हसतो. तेही हसतात.
खालची गिरणी तेवढ्यात बंद होते
आणि खोली एकदम मोठी वाटते.

माझी पाळी आली तेव्हा
मी समोरच्या तक्त्याकडे बघून बोलले.
औ औषधाचा.
लाल झाकणाची बाटली, शेजारी चमचा.

आयसीयूत दोन कुलपांचं कपाट असतं.
पेशंटला अर्धी अँप्युल लागली
तर उरलेली अर्धी बेसिनमध्ये ओतायची,
रजिस्टरात लिहायचं, टाकून दिले,
आणि पुढं दुसरीची सही,
ओतताना तिनं पाहिलं म्हणून.
नूतन न बघताच सही करायची.
तुझ्यावर नाही तर कुणावर गं, म्हणायची.
बेसिन आठ महिने कोरडं होतं.

मग अर्धीनं भागेना.
बेड सहाचे आजोबा रात्रभर कण्हत होते.
त्यांच्या वाट्याचं मी

हे वाक्य अजून इथंच थांबतं.
दर रविवारी एक शब्द पुढं सरकतं,
कधी एक मागं.

लिझाम्मा कोट्टायमची. तुर्भ्यात एकवीस वर्षं.
तिचं मराठी सगळं पेशंटांच्या उशाशी शिकलेलं,
म्हणून त्यात नुसते प्रश्न आहेत.
कुठं दुखतं? कधीपासून? जेवलात का?
समजूत घालायचे शब्द
तिला कुणी दिलेच नाहीत.
मी गप्प झाले, तेव्हा ती
ती इवलीशी खुर्ची फरशीवर ओढत आली.
कुठं दुखतं?
म्हटलं, काही दुखत नाही.
तिनं माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली,
सवयीनं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.
कधीपासून?

अकरा महिने मी ओपीडीत होते.
वजन, रक्तदाब, नाव सांगा, वय सांगा.
किल्ली दुसऱ्यांच्या कमरेला.
कुणी कपाट उघडलं
की मी खिडकीतून खाडीकडे बघायचे.
खाडी तिथून दिसत नाही, पण मी बघायचे.

परवा पहिली रात्रपाळी.
तीन वाजून दहा मिनिटं.
अर्धी दिली. अर्धी सिरिंजमध्ये राहिली.
प्रणिता तेवीस वर्षांची, दोन बेडच्या मध्ये पळत होती.
द्या मॅडम, सही करून टाकते.
मी रजिस्टर मागं घेतलं.
आधी बघ.
अहो, तुमच्यावर विश्वास आहे.
बघ म्हटलं ना.
आवाज इतका चढला की बेड दोनच्या बाई जाग्या झाल्या.

प्रणिता बेसिनपाशी आली, जरा घाबरून.
मी दट्ट्या दाबला.
एवढंसं पाणी. पडताना आवाजसुद्धा नाही.
तिनं पाहिलं. मग सही केली,
पूर्ण नावानिशी, आडनावासकट.

नंतर स्टाफरूममध्ये हात थरथरत होते.
लिझाम्माला लिहिलं, अर्धी ओतली.
एवढंच.
ती जागीच असणार, तिलाही रात्रपाळी.
उत्तर आलं:
जेवलात का?

हो, लिहिलं.
पाठवायच्या आधी पुसलं.
नाही, लिहिलं,
आणि डबा शोधायला उठले.