नापास ठोकळा

एकतीस वर्षं पालिकेच्या प्रयोगशाळेत
मी काँक्रीटचे ठोकळे फोडले.
अठ्ठावीस दिवस पाण्यात, मग यंत्राखाली,
कडकन आवाज, वहीत आकडा.
आत एक जरी पोकळी दिसली
तरी लाल शेरा. कंत्राटदार चहा पाठवायचे,
मी परत पाठवायचो.

आता परळच्या तिसऱ्या मजल्यावर
माशांसाठी दगड बनवतोय.

कुर्ल्याच्या दुकानदारानं खरा दाखवला होता,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
खोबणीत इवला खेकडा, अजून हलणारा.
"कुठनं तोडला?"
"काका, किलोचा भाव तर ऐका."

म्हणून माहीमच्या धर्मीबायकडून कालवांच्या शिंपल्या.
"ने रं, फुकट जातान त्या," म्हणाली,
वर दोन बोंबील टाकले पिशवीत.
खलबत्त्यात कुटल्या. विजूनं मिक्सर दिला नाही,
बरोबरच केलं.
चार हिस्से शिंपल्या, एकच हिस्सा सिमेंट,
कारण सिमेंट काही पुण्याचं नाही, मला विचारा,
आणि ओंजळभर जाडं मीठ.
ओल्या वाळूच्या खळग्यात
हाताला येईल तो आकार.
माझ्या हाताला चौकोनच येत होता.
तीनदा मोडला.

मग बादली. गोडं पाणी, रोज नवं,
पहाटे साडेचारला नळ येतो तेव्हा.
मीठ विरघळून गेलं,
खडे होते तेवढी भोकं राहिली.
अठ्ठाविसाव्या दिवशी हात शिवशिवले.
फोडला नाही.
कागदाची पट्टी बुडवली, तर जांभळी.
चुना सुटतच होता.
"आंघोळीची बादली कधी मोकळी होणार?"
अजून पाच आठवडे, म्हणालो.
ती झाली सात.

टाकीत ठेवून आज चौथा महिना.
एका कडेला नखाएवढा गुलाबी डाग आलाय,
गोगलगाईच्या पाठीवरून आला असेल,
मी काही केलेलं नाही.
काल रात्री बॅटरी मारली
तर एका भोकातून केसासारखा किडा निघाला,
उजेड बघून आत गेला.
घरी गेल्यासारखा.

जुनी वही काढली.
दाब: घेतला नाही.
पोकळ्या: मोजता येत नाहीत.
शेऱ्याच्या रकान्यात पेन थांबलंय
आणि विजू आतून विचारतेय,
तो खलबत्ता आता
दाण्याच्या कुटाला चालेल का.